पट्टा थांबवायची मुभा

यवतमाळ जिल्ह्यात वणी, पांढरकवडा, राळेगाव, घाटंजी, कुठल्याही गावाबाहेरच्या जिनिंगमध्ये शिरा, आतली मांडणी जवळपास सारखीच. फाटकाशी वजनकाटा, आत सिमेंटचं अंगण, त्यावर कापसाच्या गंज्या, पत्र्याच्या लांब शेडमध्ये डबल रोलरच्या मशिनींची रांग आणि टोकाला प्रेस. मशिनी बहुतेक नागपूरकडच्या. मॅकार्थी नावाच्या अमेरिकन माणसाने १८४० मध्ये काढलेल्या युक्तीवर त्या आजही चालतात: खरबरीत रोलर रुई ओढून नेतो आणि पातं सरकी मागे अडवून धरतं. कापूस त्याच काळ्या मातीतला. क्विंटलभर कापसातून तेहेतीस ते पस्तीस किलो रुई, बाकी सरकी आणि थोडी घट, हा हिशेब इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतो. आणि भाव तर कुणाच्याच हातात नाही. तो न्यूयॉर्कचा वायदा, मुंबईचा बाजार आणि दिल्लीचा हमीभाव यांच्या ओढाताणीत ठरतो.

तरीही एक जिनिंग पंचवीस हंगाम चालते आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावरची पाचव्या हंगामात बँकेची नोटीस फाटकावर चिकटवून बंद पडते.

या कोड्यावर जिल्ह्यातल्या एका निवृत्त मॅनेजरने उभी हयात घालवली आहे. वजनकाट्यावर पावत्या लिहिणारा पोऱ्या म्हणून ते या धंद्यात आले, पुढे मुनीम झाले, सुपरवायझर झाले आणि शेवटची बरीच वर्षं मॅनेजर होते. या काळात त्यांनी चार तालुक्यांत आणि बऱ्याच मालकांच्या हाताखाली काम केलं. बोलायला त्यांची ना नाही, पण स्वतःचं, मालकांचं किंवा जिनिंगचं नाव कुठे येऊ नये, एवढी एक अट. ‘लहान जिल्हा आहे जी, सारे एकमेकाच्या लग्नाले जातात,’ हे त्यामागचं कारण.

त्यांची सुरुवात एकाधिकाराच्या काळातली. १९७१ च्या कायद्याने महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि पुढची तीसेक वर्षं शेतकऱ्याने कापूस सरकारलाच विकायचा, असा नियम राहिला. खरेदी केंद्रासमोर बैलबंड्यांच्या रांगा लागत. कधीकधी दोन-दोन रात्री बंडीखाली झोपून नंबर येई. ग्रेडर मुठीत कापूस घेऊन, बोटांनी ताणून प्रत सांगायचा आणि त्याच्या एका शब्दावर घरातलं लग्न पुढे जायचं की नाही ते ठरायचं. जिनिंगवाल्यांचं काम मात्र सरळ होतं. कापूस सरकारचा, रुई सरकारची, सरकी सरकारची. मालकाला मिळायची ती दळणाच्या मजुरीसारखी क्विंटलमागची ठरलेली रक्कम.

मॅनेजरसाहेबांच्या मते या जिल्ह्यातल्या जिनिंगला लागलेली हयगयीची सवय त्या काळातली आहे. रुईत काय गेलं, याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. अंगण मातीचं, कापूस डोक्यावरच्या गाठोड्यातून वाहायचा, गंजीवर कुत्री झोपायची, विड्यांची थोटकं पडायची. सूतगिरणीने तक्रार केलीच तर ती कुठल्या तरी कार्यालयातल्या फायलीत जायची, जिनिंगच्या शेडपर्यंत कधी पोचायची नाही. त्या काळातली कामगारांची एक म्हणण्याची पद्धत त्यांना आठवते. कुणी काही दाखवलं की उत्तर यायचं, ‘जाऊ दे, सरकारचा माल हाय.’ योजनेचा हेतू शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्या कचाट्यातून सोडवण्याचा होता आणि सुरुवातीच्या काही वर्षांत शेतकऱ्याला त्याचा आधारही झाला, हे ते प्रामाणिकपणे मान्य करतात. पण जिथे चांगल्या कामाचा कुणाला फायदा नाही आणि वाईट कामाचा कुणाला तोटा नाही, तिथे माणसं कशी होतात हे त्यांनी आत राहून पाहिलं.

याच मातीत याच दुखण्याचं आणखी एक उदाहरण आहे, आणि ते जिनिंगपेक्षा जास्त प्रसिद्ध आहे. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला ही नॅरोगेज गाडी इथला कापूस बाहेर नेण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी घातली. मालकी खासगी कंपनीकडे, व्यवस्थापन किलिक निक्सन या पेढीकडे. देश स्वतंत्र झाला, रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, तरी हा फाटा करारामुळे कंपनीचाच राहिला. मॅंचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ही गाडी ओढत होतं. गाडी चालवायची भारतीय रेल्वेने, रूळ दुसऱ्याचे. मालकाला फक्त रक्कम हवी, चालवणाऱ्याला दुसऱ्याच्या रुळांवर पैसा घालायचा नाही. वेग उतरत गेला, स्थानकांची पडझड झाली, शेवटी गाडीच थांबली. हळहळ सगळ्यांनी केली. पण ज्याच्या टेबलावर ‘रूळ खराब झालेत’ हा निरोप पोचायला हवा होता, ते टेबल नेमकं कुणाचं, हे अखेरपर्यंत ठरलंच नाही.

२००० साली केंद्राचं कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू झालं. जिनिंगच्या आधुनिकीकरणाला अनुदान मिळू लागलं. मातीच्या अंगणावर सिमेंट आलं, डोक्यावरच्या गाठोड्यांची जागा फिरत्या पट्ट्याने घेतली, मशिनीत कापूस आपोआप पडू लागला, जुन्या प्रेसच्या जागी नव्या आल्या. त्याच सुमारास एकाधिकार मोडीत निघाला आणि खासगी व्यापार खुला झाला. २००२ पासून बीटी बियाणं आलं, कापसाची आवक फुगली. जिल्ह्यात नव्या जिनिंगचं पेवच फुटलं. आता रुई मालकाची स्वतःची होती आणि ती कोइम्बतूर, तिरुपूरच्या गिरण्यांना विकायची होती. त्या गिरण्या नमुना तपासून घेत आणि धाग्यात काही निघालं की थेट पैसे कापत.

इथे मॅनेजरसाहेब दोन जिनिंगची गोष्ट सांगतात. दोन्हींत त्यांनी काम केलं, दोन्ही एकाच तालुक्यात, दोन्हींनी एकाच अभियानातून, एकाच कारखान्याच्या मशिनी घेतल्या. पहिलीत गिरण्यांच्या कपातीचे कागद दर महिन्याला येत. कारण जवळजवळ नेहमी एकच: प्लॅस्टिकचे धागे. शेतकरी खताच्या रिकाम्या पोत्यात कापूस भरून आणतो, पोत्याचा धागा सुटतो, कापसात मिसळतो. त्यात गुटख्याच्या पुड्या, वेचणाऱ्या बायांचे केस, सुतळी, कोंबडीची पिसं. हा धागा रोलरमधून गेला की त्याचे शंभर तुकडे होतात, सुतात जातात, आणि रंग चढवताना कापडावर पांढरे ठिपके उमटतात. गिरणीवाल्यांच्या जागतिक पाहण्यांत भारतीय कापूस वर्षानुवर्षं सर्वांत जास्त भेसळ-कचरा असलेल्यांत मोजला जातो, तो यामुळेच.

मालकाने काय केलं? पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना कचरा वेचणाऱ्या बाया वाढवल्या. आणखी दिवे लावले. एक कॅमेराही बसवला. कपात कमी झाली नाही.

दुसऱ्या जिनिंगमध्ये बाया कमी होत्या, दिवे साधेच होते, कॅमेरा नव्हता, आणि कपातीचा कागद क्वचित यायचा. फरक शोधायला त्यांना एक पूर्ण हंगाम लागला, कारण तो यंत्रात दिसत नव्हता. पहिल्या जिनिंगमध्ये मजुरी निघालेल्या गठाणींवर होती. पट्टा थांबला की सगळ्या शेडची मजुरी थांबे. एखाद्या बाईला धाग्यांचा अख्खा पुंजका दिसला तरी एका हाताने तो पूर्ण उचलता येत नाही. पट्टा थांबवावा लागतो. आणि पट्टा थांबवायला सांगितलं तर मशिनीवरची माणसं ओरडत, मुकादम ओरडे, मुनीम वर फोन करे. पहिल्या आठवड्यात ज्या बोलल्या त्या दुसऱ्या आठवड्यात गप्प झाल्या. त्यांचे डोळे चांगले होते, त्यांनी पाहिलेलं पोचायला वाट नव्हती.

दुसऱ्या जिनिंगच्या मालकाने पट्ट्याशेजारी, बायांच्या हाताला येईल अशा उंचीवर एक बटण बसवलं होतं. कुणीही दाबावं. मजुरी दिवसाची. एवढंच. पण मॅनेजरसाहेबांच्या मते खरी गोष्ट बटणात नव्हती, कारण बटण पुढे बऱ्याच जिनिंगांनी लावलं आणि ते धूळ खात राहिलं. खरी गोष्ट एका दुपारची होती. नव्याने आलेल्या एका बाईने बटण दाबलं. तिला वाटलं काहीतरी लाल दिसलं. तो निघाला सुकलेल्या पऱ्हाटीचा तुकडा, जो तसाही पुढच्या सफाईयंत्रात पडला असता. ऐन आवकीचे दिवस, बाहेर ट्रॅक्टरांची रांग, सगळी शेड बंद. मालक तिथेच होता. तो पट्ट्यापाशी आला, तुकडा हातात घेतला, मान हलवली आणि म्हणाला, ‘मावशी, बरं केलं. संशय आला की दाबत जा.’ आणि निघून गेला. त्या बाईपेक्षा तिच्या आजूबाजूच्या तीस जणींनी ते ऐकलं, आणि मशिनीवरच्या पोरांनीही.

मालक त्या क्षणी चिडला असता तर त्याला कुणी दोष दिला नसता. त्याच्या दहा मिनिटांचे पैसे गेले होते. पण बटण पुढे वापरलं जाणार की शोभेचं राहणार, हे त्या एका वाक्याने ठरलं.

जगात याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण मोटारींच्या कारखान्याचं आहे. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना वाईट गाड्या, सततचे संप आणि गैरहजेरी यांसाठी बदनाम होता. १९८२ मध्ये तो बंद झाला. १९८४ मध्ये टोयोटाशी भागीदारी करून तोच कारखाना पुन्हा उघडला. बहुतेक कामगार तेच, युनियन तीच. आधी तिथला अलिखित नियम असा की काहीही होवो, लाइन थांबता कामा नये. टोयोटाने प्रत्येक कामगाराच्या डोक्याच्या वर, हाताशी येईल अशी दोरी टांगली: चूक दिसली की ओढायची. थोड्याच काळात तिथून निघणाऱ्या गाड्या अमेरिकेतल्या उत्तम गाड्यांत गणल्या जाऊ लागल्या. व्यवस्थापनाच्या वर्गांतून ही कहाणी आजही शिकवतात. गंमत अशी की जनरल मोटर्सने ती दोरी आपल्या इतर कारखान्यांत नेली तेव्हा कित्येक ठिकाणी ती ओढणाऱ्याला सुपरवायझरच दरडावत. मॅनेजरसाहेबांना ही हकीकत कळली तेव्हा ते हसले. म्हणाले, ‘म्हंजे आपल्यासारखंच.’

जरा जवळचं आणि जुनं उदाहरण हवं असेल तर नागपूरचं घ्यावं. जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली, ती वऱ्हाड-वर्ध्याचा कापूस दाराशी आहे म्हणून. ती चालवायला त्यांनी बेझनजी मेहतांना आणलं. बेझनजी रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले. कापडधंद्याचा त्यांना गंधही नव्हता. गिरणीला सगळ्यात मोठा त्रास होता गैरहजेरीचा. शेतीची कामं निघाली, सण आला, की माणसं गावी निघून जात. त्या काळच्या इतर गिरण्या दंड लावत, हाकलत. इथे हजेरीवर बक्षिसं ठेवली, १८८६ मध्ये पेन्शन फंड काढला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू केली. देशात कायद्याने कामगाराला अपघाताची भरपाई मिळायला त्यानंतरही १९२३ उजाडावं लागलं. शेडमध्ये हवा ओलसर ठेवणारी आणि आग विझवणारी यंत्रं बसवली. यात भूतदया किती आणि हिशेब किती, याचा काथ्याकूट करण्यात अर्थ नाही. ओलसर हवेत सूत कमी तुटतं आणि माणूसही कमी खोकतो. दोन्ही एकाच यंत्राने होतं. पुढे शतकभराने ही गिरणीही सरकारी महामंडळाकडे गेली आणि बंद पडली, हेही इथे नोंदवायला हवं.

मॅनेजरसाहेबांचा सगळ्यात कटू अनुभव पाण्याचा आहे. रुईची गठाण साधारण १७० किलोची. रुईतला ओलावा एक टक्क्याने वाढवला की गठाणीमागे पावणेदोन किलो पाणी रुईच्या भावाने विकलं जातं. प्रेसमध्ये जाण्याआधी रुईवर फवारा मारायचा, एवढंच काम. थोडा ओलावा तांत्रिकदृष्ट्या लागतोच, कोरडी रुई नीट दाबली जात नाही. पण ‘थोडा’ आणि ‘मालकाने सांगितला तेवढा’ यांत अंतर असतं. एका जिनिंगमध्ये मालकाने रात्रपाळीच्या दोन विश्वासू माणसांना हे काम दिलं. वर बक्षिसी.

दोन वर्षांत त्या जिनिंगमध्ये काय झालं ते त्यांनी हंगामागून हंगाम पाहिलं. रात्रपाळीची ती दोन माणसं मुकादमाला जुमानेनाशी झाली, कारण त्यांच्यापाशी मालकाचं गुपित होतं. मग सरकी कमी भरू लागली. मग डिझेल. वजनकाट्यावरचा माणूस शेतकऱ्याच्या मापात मारू लागला आणि त्यातला वाटा स्वतःच ठेवू लागला. मालकाने एकाला पकडलं तेव्हा त्याचं उत्तर सगळ्या अंगणाने ऐकलं: ‘शेठ, तुमी गिरणीवाल्याले पाणी इकता, मी का मोठं केलं?’ मालकाला त्याला काढता आलं नाही. गिरण्यांनी त्या जिनिंगचा माल घेणं आधी थांबवलं, की शेतकऱ्यांनी तिथे ट्रॅक्टर नेणं आधी थांबवलं, हे आता सांगता येत नाही; दोन्ही एकाच हंगामात झालं.

आगीबद्दल ते फारसं बोलत नाहीत. कापसातून खडा किंवा लोखंडाचा तुकडा येतो, पात्यावर आपटतो, ठिणगी उडते. जिनिंगमध्ये आग लागणं नवीन नाही. मार्च-एप्रिलच्या उन्हात तर वर्तमानपत्रात दर आठवड्याला एखादी बातमी असते. मशिनीपाशी लागलेली आग दिसते तरी. प्रेसमध्ये दाबलेल्या गठाणीच्या पोटात ठिणगी राहिली तर ती तासन् तास आतल्या आत धुमसते. असा वास एकदा गोदामातल्या एका हमालाला आला होता. त्याने मुकादमाला सांगितलं. मुकादमाने मुनीमाला सांगितलं नाही, कारण मागच्या खेपेला खोटा गाजावाजा केला म्हणून मुनीमाने त्याला चारचौघांत शिवी दिली होती. पहाटे गोदाम गेलं. माणूस कुणी दगावलं नाही. विमा होता. पण त्यानंतर तो हमाल त्या जिनिंगमध्ये परत आला नाही, आणि त्याच्या गावचं दुसरंही कुणी आलं नाही.

सुरक्षेचा दुसरा किस्सा थोडा बरा आहे. जिनिंगच्या शेडमध्ये रुईचं तूस सतत उडतं. वर्षानुवर्षं ते फुप्फुसात गेलं की छाती आवळते. कामगार त्याला दमा म्हणतात. २०१७ मध्ये जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात होते. सगळ्या महाराष्ट्रात यवतमाळचं नाव झालं. मास्क, हातमोजे हे शब्द गावोगाव पोचले. त्या हंगामात एका मालकाने शेडसाठी मास्कची खोकी आणली. वाटली. आठवडाभरात ते सगळे खिशात किंवा खुंटीवर. पोरं म्हणत, ‘जीव घुसमटते.’ मॅनेजरसाहेबांनी सूचना लावल्या, दंडाची धमकी दिली, काही फरक नाही. मग मालकाचा थोरला मुलगा, जो शेडमध्ये नाक धरून दोन मिनिटांसाठी यायचा, तो रोज सकाळी तासभर मास्क लावून मशिनींमधून फिरू लागला. घाम पुसायचा, पण मास्क काढायचा नाही. महिन्याभरात निम्म्या लोकांच्या तोंडावर मास्क दिसू लागले. निम्म्याच. उरलेल्या निम्म्यांनी अखेरपर्यंत लावले नाहीत, आणि ते लावतील असं मॅनेजरसाहेबांना आजही वाटत नाही.

याच मुलाने पुण्याहून व्यवस्थापनाची पदवी आणली होती. आल्याबरोबर त्याने कार्यालयाबाहेर एक सूचनापेटी टांगली. जिनिंगच्या निम्म्या कामगारांना लिहिता येत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नाही. पेटीची किल्ली दिवाळीत हरवली. होळीला कुलूप तोडलं तेव्हा आत दोन विड्यांची बंडलं आणि एका बस तिकिटामागे लिहिलेलं ‘संडासला पाणी नाही’ एवढं निघालं. पाण्याची टाकी त्याच आठवड्यात बसली, हे त्या मुलाच्या बाजूने सांगायला हवं. मॅनेजरसाहेब म्हणतात, त्या टाकीने त्याला जे कमावून दिलं ते पदवीने दिलं नव्हतं. पुढच्या वर्षी मास्कचं त्याचं ऐकलं गेलं ते त्यामुळे.

एक जुना तिढा इथे सांगण्यासारखा आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात एक कलम होतं, २७ वं. कापूस दाबण्याच्या कारखान्यात ज्या भागात कापूस मोकळा करणारा ओपनर चालतो तिथे बाया आणि मुलांना कामाला ठेवायची मनाई. मधे छतापर्यंत भिंत असेल तर काही सवलत. हेतू अपघात टाळण्याचा, आणि तो योग्यच. पण त्या कायद्याच्या नजरेत जी बाई फक्त सांभाळायची वस्तू होती, तीच बाई पट्ट्यावर मालाची पहिली पारख करते. तिची मजुरी मात्र मशिनीवरच्या पुरुषापेक्षा कमी असते. गिरणीने कपात केली तर मालकाचे लाखभर रुपये जातात. ती कपात टाळणारीला मिळते रोजी. मॅनेजरसाहेबांनी दोन मालकांना कपात वाचल्यास त्यातला वाटा पट्ट्यावरच्या बायांना द्यावा असं सुचवलं होतं. एकाने हसून सोडून दिलं. दुसऱ्याने एक हंगाम दिला, मग भाव पडले आणि सगळ्यात आधी तोच खर्च कापला गेला.

भाव पडले, हे वाक्य त्यांच्या बोलण्यात वारंवार येतं. चांगलं वागणारी जिनिंग टिकतेच, असं मानायला ते तयार नाहीत. मे २०२२ मध्ये रुईची खंडी, म्हणजे साडेतीनशे किलोहून थोडी जास्त रुई, एक लाख रुपयांवर गेली होती. कापूस क्विंटलला बारा हजारांच्या आसपास. पुढच्या हंगामात शेतकऱ्याने तोच भाव परत येईल म्हणून कापूस घरात, ओसरीत, पलंगाखाली भरून ठेवला. भाव आला नाही, कापूसही बाजारात आला नाही. जिनिंग रिकाम्या. ज्यांनी चढ्या भावाने माल धरून ठेवला होता ते बुडाले, मग त्यांच्या शेडमध्ये बटण असो वा नसो. अलीकडे तर हंगामाचा मोठा भाग सीसीआयच्या, म्हणजे केंद्राच्या भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदीवर चालतो. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. बाजार त्याखाली असला की सगळा कापूस सीसीआयकडे जातो आणि जिनिंग पुन्हा मजुरीवर दुसऱ्याचा माल दळू लागते. म्हणजे एका अर्थाने गाडी एकाधिकाराच्या जुन्या स्थानकावर. फरक एवढाच की सीसीआय घट आणि प्रत यांची मोजदाद ठेवते, आणि ज्या जिनिंगने मधल्या काळात मोजायची सवय लावून घेतली तिला ते सोपं जातं.

वाईट हंगामात फरक कुठे दिसतो, असं विचारलं की ते दसऱ्याकडे बोट दाखवतात. जिनिंग बारमाही नाही. दसरा-दिवाळीला सुरू होते, एप्रिल-मेमध्ये थांबते, आणि माणसं पांगतात. पुढच्या दसऱ्याला कोण परत येतं, ही एकच परीक्षा मालकाला चुकवता येत नाही. फिटर परत आला तर रोलरचा खरबरीतपणा, पात्याचं अंतर, कुठली मशीन कधी अडते, हे सगळं त्याच्या हातात आयतं असतं. नवा फिटर आला तर पहिला महिना रुईत सरकीच्या फुटक्या टरफलांचे ठिपके निघत राहतात. पट्ट्यावरच्या त्याच बाया आल्या तर नव्या पोरींना त्या शिकवतात, मुकादमाला घसा कोरडा करावा लागत नाही. परत आलेला मशिनीवरचा पोरगा फाटकावर पहिल्याच दिवशी विचारतो, ‘बाबूजी, यंदा मुनीम तोच हाय का?’ त्या एका प्रश्नात त्या जिनिंगचा ताळेबंद असतो, असं ते म्हणतात. बॅंकेच्या अधिकाऱ्याने कर्ज देताना मागच्या तीन वर्षांच्या ताळेबंदाबरोबर हजेरीपटही मागवावा, हे त्यांचं आवडतं मत. अजून तरी कुणी मागवलेला नाही.

आता मात्र ही परीक्षाही बदलत चालली आहे. मशिनीवरच्या टोळ्या छत्तीसगड, मध्य प्रदेश, बिहारमधून येतात, ठेकेदारामार्फत. गावातल्या पोरांना तुसातली रात्रपाळी नको. ती पुण्याला, नागपूरला, कुठेही जायला तयार आहेत. टोळी ठेकेदाराची, मजुरी ठेकेदाराच्या हातात, उचल त्याने दिलेली. मशीन अडली, बोट कापलं, कुणाला ताप आला, तर आधी ठेकेदाराला कळतं आणि त्याला सोयीचं असेल तेवढंच मालकापर्यंत येतं. पट्ट्याशेजारी बटण आहे, पण पोराला भीती मालकाची नाही, ठेकेदाराची आहे. आणि ठेकेदाराला पैसे गठाणींवर मिळतात.

मॅनेजरसाहेब ज्या जिनिंगला आताही अधूनमधून सल्ला द्यायला जातात, तिथे गेल्या हंगामात मजुरी थेट कामगारांच्या खात्यावर टाकायला सुरुवात झाली आणि ठेकेदाराला त्याचं कमिशन वेगळं, दिवसांवर ठरवून दिलं. ठेकेदार चिडला. ऐन डिसेंबरात अर्धी टोळी उठवून तेलंगणातल्या एका जिनिंगला घेऊन गेला. तीन आठवडे निम्म्या मशिनी बंद होत्या. जी अर्धी माणसं राहिली त्यांच्यातल्या एकाला हिंदी आणि थोडी मराठी येते. त्याला मालकाने पाळीचा मुकादम केलं आहे. तो यंदाच्या दसऱ्याला स्वतः माणसं घेऊन येतो म्हणालाय. किती आणेल, ते आल्यावरच कळेल. तोवर मालकाने दुसऱ्या एका ठेकेदारालाही शब्द देऊन ठेवला आहे, आणि मॅनेजरसाहेबांना ते मुळीच पसंत नाही.